रेडिंगचा तुरुंग : दयेच्या पोटी जन्मलेला

इंग्लंडमधल्या रेडिंग गावचा जुना काउंटी तुरुंग तिथे कैदेत राहिलेल्या लेखक ऑस्कर वाइल्डमुळे जगाला ठाऊक झाला आणि क्रौर्याचा नमुना म्हणून त्याची ख्याती झाली. त्याची कुळी तपासली तर मात्र मुळाशी दया सापडते. १७७३ साली जॉन हॉवर्ड बेडफर्डशायर काउंटीचा शेरीफ झाला. निर्दोष सुटलेली माणसेसुद्धा जेलरची फी भरता येत नाही म्हणून पुन्हा डांबली जातात, हे त्याने पाहिले. जेलरला पगार द्यावा, असे त्याने सुचवताच काउंटीच्या न्यायाधीशांनी तसा दाखला मागितला. दाखला शोधत तो शेजारच्या काउंट्या पालथ्या घालू लागला, तेव्हा सगळीकडे तीच फी, तीच खचाखच गर्दी आणि तोच तुरुंगज्वर! प्रत्येक कैद्याला रात्री निजायला वेगळी खोली हवी, हा आग्रह त्याने १७७७ च्या ग्रंथात धरला. पुढच्या सुधारकांनी ही रात्रीची खोली दिवसभराची केली. वाईट संगत तुटली आणि सोबतीला बायबल व पाद्री असला की पश्चात्ताप आपोआप होईल, असा त्यांचा हिशेब होता. लंडनच्या पेंटनव्हिलमध्ये १८४२ साली तेरा फूट लांब, सात फूट रुंद कोठड्या त्यासाठीच बांधल्या गेल्या. दोन वर्षांनी त्याच धर्तीवर रेडिंगची क्रूसाकार इमारत उभी राहिली.

ज्वराने मरण्यापेक्षा स्वच्छ एकांत बरा नव्हे काय, असे कुणी विचारेल. बराच. पण रोगराई हटवायला हवा, पाणी आणि पगारी जेलर पुरेसे होते. माणसाचा आवाज तोडण्याची गरज नव्हती. वाइल्डच्या वेळचा जाच इमारतीचा नव्हे, सक्तमजुरीच्या कायद्यांचा होता, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. १८७८ मध्ये काउंट्यांचे तुरुंग सरकारकडे गेले होते आणि पश्चात्तापाचा ध्यासही ओसरला होता. तरी भिंती तिथेच होत्या, आणि कठोर कारभाराला त्या आयत्या मिळाल्या. वाइल्ड तिथे ‘सी.३.३’ होता : सी विभाग, तिसरा मजला, तिसरी कोठडी. माणसाचे नाव पुसून त्याचा पत्ता तेवढा ठेवण्याची सोय नकाशातच होती. सावरकर १९११ मध्ये अंदमानच्या ज्या सेल्युलर जेलमध्ये पोहोचले, तिथेही एका कैद्याला एक कोठडी हेच तत्त्व होते. पश्चात्तापाचे निमित्त मात्र उरले नव्हते. म्हणून तुरुंगाचा निवाडा तो बांधणाऱ्याच्या हेतूवरून करू नये. हेतू पिढीगणिक बदलतात. कोठडी कुणाच्याही हाती तेच काम करते.