रमेची झाली गोपिकाबाई

ऑगस्ट २०१४ मधली गोष्ट. आईला घेऊन वाशीला 'रमा माधव' बघायला गेले होते. सिनेमा सुरू होऊन जेमतेम दहा मिनिटं झाली असतील, आईने कोपराने ढोसलं.

"अगं, हा माधवराव ना?"
"नाही गं, हे नानासाहेब पेशवे. माधवरावांचे वडील."
"आणि ही?"
"गोपिकाबाई. माधवरावांची आई."
"म्हणजे रमा स्वतःचीच सासू झाली की!"

पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून पाहिलं. आई अजिबात ओशाळली नाही. तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं.

ज्यांनी दूरदर्शनवरची 'स्वामी' बघितली आहे त्यांना वेगळं सांगायला नकोच. बाकीच्यांसाठी थोडक्यात. रणजित देसाईंची 'स्वामी' कादंबरी १९६२ ची. तिच्यावरून गजानन जागीरदारांनी मालिका केली, ती १९८७ साली दूरदर्शनवर आली. माधवराव होते रवींद्र मंकणी आणि रमाबाई होती सोळा वर्षांची मृणाल देव. पुढे सत्तावीस वर्षांनी त्याच मृणालने, म्हणजे आता मृणाल कुलकर्णींनी, 'रमा माधव' दिग्दर्शित केला. त्यात रमा आणि माधव अर्थातच नवे होते, पर्ण पेठे आणि आलोक राजवाडे. पण नानासाहेब झाले रवींद्र मंकणी आणि गोपिकाबाई झाल्या स्वतः मृणाल. म्हणजे जुने रमा-माधव आता माधवरावांचे आई-वडील!

हृतिक रोशनने 'क्रिश'मध्ये (२००६) बाप आणि मुलगा दोन्ही केले. पण तिथे दोघांमधलं अंतर मेकअपने दाखवलं होतं. इथे मेकअप काळानेच करून ठेवला होता.

असो. आमच्या घरी 'स्वामी' म्हणजे काय होतं ते सांगते. तेव्हा आम्ही पनवेलला वडाळे तलावाजवळ राहत होतो. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. अँटेना वाऱ्याने फिरली की पेशवाईवर मुंग्या यायच्या आणि बाबा गच्चीवर पळायचे. आजीची जागा टीव्हीसमोरची खुर्ची. आईची जागा स्वयंपाकघराच्या दारात, हातात लाटणं किंवा निवडायची मेथी. बसून बघायची तिला कोणी बंदी केली नव्हती, पण ती कधी बसलीही नाही. आजी रमेसाठी पदराने डोळे पुसायची आणि गोपिकाबाई दिसली की बोटं मोडायची. "सुनेला कसं वागवते बघा मेली!"

मी तेव्हा लहान. आजी किती मायाळू, एवढंच मला वाटायचं.

सिनेमा संपल्यावर परतीच्या लोकलमध्ये आईला खिडकी मिळाली. खारघर गेलं, मानसरोवर गेलं, ती गप्पच. मग म्हणाली, "तुझी आजी गोपिकाबाईला शिव्या घालायची ना, तेव्हा मी दारात उभी राहून मनात म्हणायची, अहो, आरसा बघा जरा." आणि हसली. मला हसावं की नाही ते कळेना.

घरी येऊन मी गोपिकाबाईबद्दल वाचायला घेतलं. वाईच्या रास्त्यांची लेक, पेशव्यांची सून. आपल्या डोक्यात तिची प्रतिमा एकच, करारी, हट्टी, सत्तेत नाक खुपसणारी. पण तिच्या आयुष्यातल्या तारखा नुसत्या एकाखाली एक लिहून बघा. १४ जानेवारी १७६१, पानिपतावर थोरला मुलगा विश्वासराव गेला. त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर नवरा गेला. १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला माधवराव क्षयाने गेले आणि रमा सती गेली. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात धाकट्या नारायणरावाचा खून झाला. तिन्ही कर्ते मुलगे आईच्या डोळ्यांदेखत संपले. मधल्या काळात माधवरावांशी बिनसलं म्हणून ती पुणं सोडून नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिली होती. रमेसाठी आपण रडतो ते बरोबरच आहे. पण मागे उरलेल्या या बाईसाठी कोण रडलं?

असे फेरे आपल्याकडे आणखी आहेत. चंद्रकांत मांढरे भालजी पेंढारकरांच्या 'थोरातांची कमळा'मध्ये (१९४१) संभाजीराजे होते आणि भालजींच्याच 'छत्रपती शिवाजी'मध्ये (१९५२) शिवाजी महाराज. म्हणजे आधी मुलगा, मग वडील. डॉ. अमोल कोल्हेंचं उलटं. २००८ मध्ये सुरू झालेल्या 'राजा शिवछत्रपती' मालिकेत ते शिवराय होते आणि २०१७ ते २०२० 'स्वराज्यरक्षक संभाजी'मध्ये शंभूराजे. आधी वडील, मग मुलगा! पहिल्या मालिकेत जिजाऊ होत्या मृणाल कुलकर्णीच. म्हणजे तिथले मायलेक 'रमा माधव'मध्ये गोपिकाबाई आणि सदाशिवरावभाऊ, म्हणजे वहिनी-दीर. 'स्वराज्यरक्षक संभाजी'मधले शिवराय होते शंतनू मोघे, आणि 'स्वामी'त राघोबादादा होते त्यांचे वडील श्रीकांत मोघे. जागीरदारांनी तर 'प्रभात'च्या 'रामशास्त्री'त (१९४४) राघोबाला देहान्त प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री स्वतः केले होते. चाळीसेक वर्षांनी त्यांनीच 'स्वामी' केली. आपलं मराठी जग एका वाड्याएवढं, त्यामुळे तीच माणसं वेगवेगळ्या दारांतून आत येत राहतात.

या सगळ्यात मला सगळ्यात लागलेली गोष्ट वेगळीच आहे. खऱ्या रमा-माधवांना मूल झालं नाही. माधवराव सत्तावीस वर्षांचे असताना गेले, त्यांचा वंश तिथेच थांबला. त्यांना मुलगा झाला तो पडद्यावर, बरोबर सत्तावीस वर्षांनी. आणि त्याचं नाव होतं माधव.

आता जरा घरचं. सिनेमा बघितला तेव्हा माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरत होतं. त्या दिवशी पनवेल स्टेशनवर उतरताना आई म्हणाली होती, "सून आली की ती टीव्हीसमोर बसेल हं. दारात नाही." मी म्हटलं, बघू या.

वहिनी आली. पहिली दोन वर्षं दोघींमध्ये काय काय झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आई काही संत नाही. मीठ कमी पडलं तर बोलते, उशिरा उठली तर भांडी जरा जोरात आपटते. एकदा अशीच भांडी वाजत होती, मी माहेरी आलेली. मी हळूच म्हटलं, "आई, आरसा." ती चमकलीच. मग भांडं खाली ठेवलं आणि बाहेर जाऊन टीव्ही लावला. स्वतःच्या खुर्चीत, म्हणजे पूर्वीच्या आजीच्या खुर्चीत, बसली नाही. सोफ्यावर एका कडेला बसली आणि वहिनीला हाक मारली, "ये गं, सुरू झालं."

वहिनी आली आणि थेट खुर्चीतच बसली. तिला काय माहीत त्या खुर्चीचा इतिहास!

आईने माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि आवाज मोठा केला.