मान्यता नसलेल्या विद्यापीठाची पस्तीस वर्षं

तुम्ही आत्ता कर्वे रोडवर नळ स्टॉपच्या सिग्नलला अडकला असाल, तर आजचा भाग खास तुमच्यासाठी. बाजूलाच एसएनडीटी कॉलेज दिसत असेल. ज्यांच्या नावाचा हा रस्ता आहे, त्या धोंडो केशव कर्व्यांनीच ते विद्यापीठ सुरू केलं, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. शाळेत एक गोष्ट मात्र कोणी नीट सांगत नाही. हे विद्यापीठ सुरू झालं तेव्हा त्याला सरकारी मान्यता नव्हती. एकदोन वर्षं नाही, तब्बल पस्तीस वर्षं.

आज असं काही करून बघा. १९५६च्या यूजीसी कायद्याप्रमाणे पदवी द्यायची तर विद्यापीठ कायद्याने स्थापन झालेलं हवं, नाहीतर अभिमत दर्जा तरी हवा. नसेल तर थेट बोगस विद्यापीठांच्या यादीत नाव. बारावीनंतर ऑप्शन फॉर्म भरताना मीही सगळ्यात आधी 'मान्यता आहे ना?' हेच बघितलं होतं. मग १९१६ साली कर्व्यांच्या विद्यापीठात कोण गेलं असेल?

थोडं मागे जाऊ. कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे. १८९३ साली त्यांनी एका विधवेशी, म्हणजे गोदूबाईंशी लग्न केलं. १८९६ला विधवांसाठी आश्रम काढला. पुढे गणेश गोविंद गोखल्यांनी हिंगण्याला सहा एकर जागा आणि ७५० रुपये दिले. १९००मध्ये तिथे एक झोपडी उभी राहिली. आजचं कर्वेनगर म्हणजे तेव्हाचं गावाबाहेरचं माळरान. कर्वे तिथून चालत फर्ग्युसनला जायचे, शिकवायचे आणि चालत परत यायचे.

१९१५च्या सुमारास त्यांच्या हातात टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका पडली. काशीच्या शिवप्रसाद गुप्तांनी ती पाठवली होती. त्याच वर्षी मुंबईच्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद कर्व्यांकडे आलं आणि तिथे त्यांनी सरळ महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. पुढच्या जूनमध्ये विद्यापीठ सुरूसुद्धा! लक्षात घ्या, पुणे विद्यापीठ १९४९चं. म्हणजे त्याच्याही तेहेतीस वर्षं आधी.

आता यातला मला सगळ्यात भारी वाटणारा भाग. खाजगी विद्यापीठ म्हटलं की संस्थापकच कुलपती, हे आपल्या डोक्यात अगदी फिट बसलेलं असतं. कर्व्यांनी काय केलं? कुलपती केलं रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना. कुलगुरू झाले केंब्रिजचे सीनियर रँग्लर रघुनाथ परांजपे. सरकारचा शिक्का नव्हता, म्हणून लोकांचा विश्वास असलेली माणसं पुढे बसवली. स्वतः कॉलेजचे प्राचार्य झाले, पण तीही खुर्ची लवकरच सोडली आणि झोळी घेऊन पैसे गोळा करायला बाहेर पडले. म्हणजे विद्यापीठाच्या खऱ्या प्रमुखाचं काम काय, तर वर्गणी मागत गावोगाव फिरणं.

पहिल्या तुकडीत मुली किती? पाच.

शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी सक्तीचा विषय. पदवीचं नाव 'गृहीतागमा', म्हणजे जीए. अभ्यासक्रमात गृहव्यवस्था, आरोग्य असे विषय. बायकांचं कार्यक्षेत्र वेगळं, म्हणून त्यांचं शिक्षणही वेगळं, असं कर्व्यांचं मत होतं. आज ऐकताना हे खटकतं, आणि तेव्हाही सगळ्यांना पटत नव्हतं. पण दुसरी बाजू बघा. मुंबई विद्यापीठाचा सगळा कारभार इंग्रजीतून. उशिरा शिकायला लागलेल्या मुलीला तिथपर्यंत पोचायलाच किती वर्षं लागली असती? मातृभाषेमुळे तिच्यासाठी निदान एक दार तरी उघडलं.

१९२०मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाखांची देणगी दिली. त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव विद्यापीठाला मिळालं. एसएनडीटी ते हेच. पण पैसा आला तरी मान्यता आली नाही. १९२९ला सत्तरी ओलांडलेले कर्वे परदेशात निघाले. इंग्लंड, जिनिव्हा, अमेरिका केलं, बर्लिनमध्ये आइन्स्टाइनना भेटले, आणि ज्या टोकियोच्या विद्यापीठावरून सगळं सुचलं, तेही डोळ्यांनी पाहून आले. परत आल्यावर पुन्हा झोळी, आता आफ्रिका. १९३६ला मुख्यालय पुण्याहून मुंबईला गेलं. १९४९ला मुंबई विधिमंडळात कायदा झाला आणि १९५१ला रीतसर मान्यता मिळाली. तेव्हा कर्वे ९३ वर्षांचे होते. १९५८ला, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळालं.

गोष्ट इथे संपवली तर छान वाटतं, पण मला त्या जीए झालेल्या मुलींचा विचार सोडवत नाही. कर्व्यांचे पुतळे झाले, रस्त्याला नाव आलं. मान्यता नसलेल्या पदवीची जोखीम मात्र त्या मुलींनी आणि त्यांच्या घरच्यांनी उचलली होती. सरकारदरबारी तो कागद धरला जात नव्हता. तरीही त्या आल्या, शिकल्या, आणि त्या येत राहिल्या म्हणून विद्यापीठ टिकलं. कायदा त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला.

म्हणून आजचे नियम चुकीचे, असं मी म्हणत नाही. कोणीही बोर्ड लावून पदव्या वाटायला लागलं तर पोरांचंच नुकसान आहे. पण शिक्का बघून झाला की आणखी एक गोष्ट बघा. इथला सर्वोच्च माणूस विद्यार्थ्यांसाठी किती चालला?

सिग्नल सुटला असेल. सावकाश जा. पुढच्या भागात भेटू.