गिटारवादनाची बैठक
अभिजात गिटारवादनात डावा पाय सुमारे 15 सेंमी. उंच पायटेकणीवर ठेवतात. त्याने वाद्याची मान वर येते, मनगट कमी वाकते. पण कंबर एकीकडे कलते. मांडीवरचा गिटार सपोर्ट तीच उंची दोन्ही पाय जमिनीवर टेकवून देतो. म्हणून पिंपरी-चिंचवड वा चाकणच्या कारखान्यात पाळीभर उभे राहून पाठ आखडलेल्या हौशी वादकाने सपोर्टच निवडावा. मांडी घालून वाजवता येतेच, असे म्हणताना स्लाइड गिटारवादक ब्रिजभूषण काब्रांचा सहभाग असलेला ‘कॉल ऑफ द व्हॅली’ (1967) हा अल्बम आठवेल. मात्र ते गिटार आडवे ठेवून तारांवर पट्टी सरकवत, मानेला पंजाची पकड लागतच नसे. सपोर्ट वाद्याला चिकटवणारे सक्शन कप निसटतात, हा आक्षेप मात्र खरा. मॅट पृष्ठावर ते टिकत नाहीत, फ्रेंच पॉलिशवर डाग पाडतात. तिथे मांडीवरची उशी बरी.