हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर

हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर हे संगणक, मोबाइल किंवा सीडी प्लेअर यांच्याकडून येणाऱ्या क्षीण विद्युत संकेताची शक्ती वाढवून ती हेडफोनला पुरविणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण आहे. मराठी परिभाषेत अ‍ॅम्प्लिफायरला विवर्धक हा शब्द आहे. व्यवहारात मात्र ‘अ‍ॅम्प’ हेच नाव रूढ आहे. प्रत्येक संगणकात आणि हेडफोनचे छिद्र असलेल्या प्रत्येक मोबाइलमध्ये एक लहान अ‍ॅम्प आधीपासूनच बसवलेला असतो. त्यामुळे खरेदीच्या वेळी खरा प्रश्न ‘आहे तो अ‍ॅम्प पुरतो का’ एवढाच असतो. संगणकीय खेळ आणि संगीत या दोन्हींसाठी एकच हेडफोन वापरणाऱ्यांना हा प्रश्न वारंवार पडतो. त्याचे उत्तर हेडफोनच्या किमतीवर अवलंबून नसून संरोध आणि संवेदनशीलता या दोन आकड्यांवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील नॅथॅनिएल बाल्डविन यांनी १९१०च्या सुमारास बनविलेले हेडफोन अमेरिकी नौदलाने बिनतारी संदेश ऐकण्यासाठी घेतले. जर्मनीतील बायरडायनॅमिक कंपनीचा डीटी ४८ हा हेडफोन १९३७ साली, तर जॉन कॉस यांचा स्टिरिओ हेडफोन १९५८ साली आला. सेनहायझर कंपनीच्या १९६८च्या एचडी ४१४ या उघड्या पाठीच्या हेडफोनचा संरोध २००० ओहम होता. त्या काळातील ध्वनिमुद्रणालयांत एकाच अ‍ॅम्पला अनेक हेडफोन समांतर जोडले जात. संरोध जास्त असला की प्रत्येक हेडफोन थोडाच प्रवाह घेतो, म्हणून ही रचना सोयीची होती.

१९७९ साली सोनीचा वॉकमन आला आणि चित्र पालटले. दोन लहान सेलांच्या ३ व्होल्टवर चालणारे यंत्र मोठा विद्युत दाब देऊ शकत नव्हते. त्याला कमी संरोधाचे हेडफोन आवश्यक होते. आज बाजारात दिसणारे बहुतेक हेडफोन या दुसऱ्या घराण्यातले आहेत. जास्त संरोधाचे हेडफोन म्हणजे उंची हेडफोन हा समज ध्वनिमुद्रणालयांच्या जुन्या दिवसांतून आलेला असून त्याला आज फारसा आधार नाही. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हा एकच हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा आवृत्त्यांत मिळतो. त्यांतील निवड दर्जावरून नव्हे, तर हेडफोन कोणत्या यंत्राला जोडायचा आहे यावरून करावयाची असते.

संरोध, संवेदनशीलता आणि लागणारी शक्ती

संरोध, म्हणजे बाजाराच्या भाषेत इम्पीडन्स, हा हेडफोनचा विद्युत प्रवाहाला होणारा विरोध होय. तो ओहममध्ये मोजतात. संवेदनशीलता म्हणजे ठरावीक शक्ती दिली असता हेडफोन किती मोठा आवाज देतो त्याचे माप. ते डेसिबलमध्ये सांगतात, परंतु काही कंपन्या ते एका मिलिवॉटसाठी देतात तर काही एका व्होल्टसाठी. हा भेद न पाहता दोन हेडफोनांची तुलना केल्यास निष्कर्ष पूर्ण चुकतो. ३२ ओहमच्या हेडफोनला १ व्होल्ट दिल्यास सुमारे ३१ मिलिवॉट शक्ती मिळते, म्हणून त्याचा प्रति व्होल्ट आकडा प्रति मिलिवॉट आकड्यापेक्षा सुमारे १५ डेसिबलने मोठा दिसतो. २५० ओहमच्या हेडफोनबाबत हा फरक केवळ ६ डेसिबल असतो.

संगीतातील क्षणिक शिखरे न फाटता ऐकू यावीत यासाठी ११० डेसिबलपर्यंत वाव असावा, असे गणितासाठी धरले जाते. हा आवाज सतत ऐकण्यासाठी नसून क्षणभराच्या आघातासाठी राखलेली जागा असते. ३२ ओहम व ९८ डेसिबल प्रति मिलिवॉट असलेल्या नेहमीच्या खेळाच्या हेडफोनला तेवढ्यासाठी सुमारे १६ मिलिवॉट, म्हणजे ०.७ व्होल्ट पुरतात. २५० ओहम व ९६ डेसिबल प्रति मिलिवॉट असलेल्या डीटी ७७० प्रोला २५ मिलिवॉट लागतात. शक्तीत फार फरक नाही, पण विद्युत दाब मात्र २.५ व्होल्ट हवा. हायफायमॅन कंपनीच्या एचई-६ या हेडफोनचा संरोध फक्त ५० ओहम आहे, तरीही त्याची संवेदनशीलता ८३.५ डेसिबल असल्याने त्याला सुमारे ४५० मिलिवॉट आणि ४.७ व्होल्ट लागतात. केवळ ओहम पाहून अ‍ॅम्पची गरज ठरविता येत नाही, हे या तिसऱ्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

लॅपटॉप आणि मोबाइलच्या जोडतारा साधारणपणे १ व्होल्टच्या आसपास देतात. मेजावरील संगणकांचे काही मदरबोर्ड २ व्होल्टपर्यंत जातात. म्हणजे पहिल्या हेडफोनला स्वतंत्र अ‍ॅम्प घेऊन काहीही हाती लागत नाही. दुसऱ्या हेडफोनला १ व्होल्टवर १०२ डेसिबलची शिखरे मिळतात. खेळांचा आणि आजच्या चित्रपटगीतांचा ध्वनी मुळातच चढ्या पातळीवर नोंदलेला असल्यामुळे त्यांना एवढे पुरते. ख्यालगायनाच्या मैफिलीच्या ध्वनिमुद्रणात मात्र सरासरी पातळी खाली आणि तबल्याचे आघात बरेच वर असतात; तेथे नियंत्रक शेवटपर्यंत फिरवूनही आवाज कमी वाटतो. एकच हेडफोन खेळात भरपूर आणि संगीतात अपुरा का वाटतो, याचे कारण बहुधा हेच असते.

आकड्यांपलीकडे घरी करता येण्याजोगी एक साधी परीक्षा आहे. संगणकावरील ध्वनिपातळी शंभर टक्क्यांवर नेण्यापूर्वीच आवाज पुरेसा मोठा व स्वच्छ होत असेल, तर अ‍ॅम्पची आवश्यकता नाही. टोकाला गेल्यावर आवाज खरखरतो किंवा खर्ज पातळ होतो, तेव्हा ती आहे. शांततेत सतत सूं सूं आवाज येत असल्यास मात्र दोष शक्तीचा नसून संगणकाच्या ध्वनिमंडलाचा असतो. अशा वेळी अंकीय संकेताचे सदृश संकेतात रूपांतर करणारा, डॅक या नावाने ओळखला जाणारा भाग संगणकाबाहेर नेणे उपयोगी पडते. यूएसबीला जोडावयाच्या लहानशा जोडतारेतही डॅक आणि अ‍ॅम्प दोन्ही असतात व पुष्कळांची गरज तेवढ्यावर भागते.

अ‍ॅम्पचा स्वतःचा निर्गम संरोध हा बाजारात सर्वांत दुर्लक्षिला जाणारा घटक आहे. तो हेडफोनच्या संरोधाच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. ३२ ओहमच्या हेडफोनसाठी ४ ओहम किंवा त्याहून कमी. अनेक हेडफोनांचा संरोध खर्जाच्या भागात वाढतो. अ‍ॅम्पचा निर्गम संरोध मोठा असेल तर त्या भागात हेडफोनच्या वाट्याला अधिक विद्युत दाब येतो आणि खर्ज फुगून सैल होतो. काही श्रोत्यांना हा बदल ‘भरदार’ वाटतो, परंतु तो ध्वनिमुद्रणातला नसतो. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाच्या १९९६च्या मानकात १२० ओहमचा निर्गम संरोध सुचविलेला होता. त्या पद्धतीच्या जुन्या अ‍ॅम्पना कमी संरोधाचे आजचे हेडफोन जोडल्यास हा परिणाम ठळक दिसतो.

खेळांसाठी वापर

पावलांचा आवाज डावीकडून आला की मागून, हे मेंदू दोन्ही कानांतील वेळेच्या व पातळीच्या सूक्ष्म फरकावरून आणि बाह्यकर्णाच्या आकारामुळे ध्वनीत होणाऱ्या बदलावरून ठरवितो. या माहितीत अ‍ॅम्प काहीही भर घालत नाही. ती खेळाच्या प्रणालीत तयार होते आणि हेडफोनपर्यंत दोनच वाहिन्यांतून जाते. ‘७.१’ असे लिहिलेल्या हेडफोनांपैकी बहुतेकांत प्रत्येक कानासाठी एकच ध्वनिपटल असते व बाकीचे काम आज्ञावली करते. खेळात स्वतःची हेडफोन-व्यवस्था असताना विंडोजमधील किंवा हेडफोनच्या आज्ञावलीतील आभासी परिसरध्वनीही चालू ठेवल्यास एकाच संकेतावर दोनदा प्रक्रिया होते आणि दिशा उलट अस्पष्ट होतात.

मायक्रोफोनचा प्रश्न बहुधा खरेदीनंतर लक्षात येतो. खेळाच्या हेडफोनचे चार वलयांचे एकच टोक ध्वनी आणि मायक्रोफोन दोन्ही वाहते, परंतु स्वतंत्र अ‍ॅम्पांवर सहसा मायक्रोफोनची सोय नसते. तेव्हा दोन टोके वेगळी करणारी तार घेऊन मायक्रोफोन थेट संगणकाला जोडावा लागतो. ब्लूटूथ हेडफोनमध्ये अ‍ॅम्प आतच असल्याने बाहेरचा अ‍ॅम्प निरुपयोगी ठरतो, शिवाय ध्वनी पोचण्यास लागणारा विलंब वेगवान खेळांत जाणवतो. २.४ गिगाहर्ट्‌झचा स्वतंत्र यूएसबी ग्राहक असलेल्या बिनतारी हेडफोनांत हा विलंब बराच कमी असतो.

संगीतासाठी वापर

उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये ध्वनी मोकळा वाटतो. तानपुऱ्याच्या जवारीतून उठणारे उपस्वर गायकाच्या आवाजामागे वेगळे उमटतात. बंद पाठीच्या हेडफोनमध्ये डग्ग्याची घूम अधिक अंगावर येते, पण कपाच्या आतील परावर्तनामुळे ती कधी कधी इतर स्वर झाकून टाकते. जुन्या नाट्यसंगीताच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांबाबत मात्र महागड्या साधनांचा लाभ मर्यादित आहे. त्या एकवाहिनी असल्यामुळे हेडफोनवर आवाज डोक्याच्या मध्यभागी ऐकू येतो आणि रंगमंचाची रुंदी निर्माण होत नाही. विद्युत ध्वनिमुद्रण १९२५च्या सुमारास सुरू झाले. त्यापूर्वीच्या यांत्रिक ध्वनिमुद्रणात अतिखर्ज व अतितार भाग जवळजवळ नोंदलाच जात नसे. जे तबकडीवर नाही ते अ‍ॅम्पमधून येत नाही.

महाराष्ट्रातील परिस्थिती

हेडफोन निवडताना घर, वीज आणि हवामान यांचा विचार करावा लागतो. वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीतील विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यासारख्या दाट वस्तीत स्वतंत्र खोली सर्वांनाच उपलब्ध नसते. उघड्या पाठीच्या हेडफोनमधील आवाज शेजारी बसलेल्याला ऐकू जातो, आणि घरातील दूरचित्रवाणी व रस्त्यावरचा गोंगाटही आत येतो. अशा घरात बंद पाठीचा हेडफोन व्यवहार्य ठरतो. पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये तर दुसरा पर्याय नसतो. गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज वाढविणे हा घातक उपाय आहे. गोंगाट अडविणारा कप किंवा कानात घट्ट बसणारा इअरफोन घेतल्यास कमी आवाजात तेच ऐकू येते.

वीजजोडणीतील दोष हेडफोनवर स्पष्ट ऐकू येतात. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये भूजोडणी, म्हणजेच अर्थिंग, नसल्यास किंवा संगणक आणि अ‍ॅम्प वेगवेगळ्या ठिकाणी भूजोडणीला जोडलेले असल्यास ५० हर्ट्‌झच्या विजेची गुणगुण येते. दोन्ही उपकरणे एकाच विस्तारफळीला जोडणे हा पहिला उपाय होय. भूजोडणीची पिन काढून टाकल्याने गुणगुण थांबते खरी, पण उपकरणाच्या धातूच्या पेटीत वीज उतरण्याचा धोका राहतो. ते कधीही करू नये. चौरस तरंग देणाऱ्या स्वस्त इन्व्हर्टरवर वीज गेल्यानंतर ऐकू येणारी घरघर हीदेखील अ‍ॅम्पची बिघाडखूण नसते. किनारपट्टीच्या दमट हवेत कृत्रिम चामड्याच्या गाद्या सोलवटतात. त्यामुळे बदलता येणाऱ्या गाद्यांचा हेडफोन अधिक वर्षे टिकतो.

मुंबईतील ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड ही इलेक्ट्रॉनिक वस्तूंची जुनी बाजारपेठ आहे. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव या रस्त्याला मिळाले होते. आज त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे. तयार उपकरणांबरोबर सुटे भागही येथे मिळतात. एनई५५३२ यांसारखी ऑप-अ‍ॅम्प चकती, काही रोधक व धारित्रे आणि ९ व्होल्टची बॅटरी एवढ्या सामग्रीत साधा अ‍ॅम्प जुळविता येतो आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांसाठी तो चांगला प्रकल्प ठरतो. बिनतारी हेडफोन आणि पॉवर अडॅप्टर भारतीय मानक ब्युरोच्या अनिवार्य नोंदणी योजनेत येतात. अ‍ॅम्पसोबतच्या अडॅप्टरवर ती खूण आहे की नाही हे पाहून घ्यावे.

श्रवणावरील परिणाम

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास, तर मुलांसाठी ७५ डेसिबलवर ४० तास ही सुरक्षित ऐकण्याची मर्यादा आहे. दर ३ डेसिबल वाढीला ध्वनिऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा होतो: ८३ डेसिबलला २० तास, ८६ला १०, ८९ला ५ तास. रोज तीन तास खेळणाऱ्या विद्यार्थ्याची ८९ डेसिबलची मर्यादा दुसऱ्याच दिवशी संपते. अंतर्कर्णातील केशपेशी एकदा नष्ट झाल्या की मनुष्यात पुन्हा निर्माण होत नाहीत.

मोबाइलमध्ये मोठ्या आवाजाची सूचना देणारी व आठवड्याचा हिशेब ठेवणारी व्यवस्था असते. बाह्य अ‍ॅम्पच्या गोल नियंत्रकाने वाढविलेला आवाज त्या हिशेबात येत नाही. हेडफोनला १६ मिलिवॉट पुरत असताना ५०० मिलिवॉटचा अ‍ॅम्प जोडला, तर १५ डेसिबलची जास्तीची वाढ बोटाच्या एका हालचालीवर उपलब्ध होते. म्हणून अनेक अ‍ॅम्पांवर असलेला लाभ-निवडीचा खटका, म्हणजे गेनचा स्विच, संवेदनशील हेडफोनांसाठी खालच्या पातळीवर ठेवतात. अ‍ॅम्प चालू किंवा बंद करताना येणारा धक्का टाळण्यासाठी नियंत्रक शून्यावर आणून मगच हेडफोन डोक्यावर चढवितात. ऐकून झाल्यावर कानांत शिट्टीसारखा आवाज येणे किंवा आजूबाजूचे बोलणे दबलेले वाटणे हे अतिध्वनीचे लक्षण होय. एका दिवसात ते न ओसरल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून श्रवणचाचणी करून घेणे आवश्यक असते.