आरवणारा कोंबडा आणि खुडूक कोंबडी

वसई तालुक्यात अर्नाळ्याच्या दक्षिणेस समुद्रकाठी वसलेल्या राजोडीच्या परिसरात, किंबहुना एकूणच मराठी मुलखात, कोंबड्याच्या आणि कोंबडीच्या आवाजांना मिळालेल्या शब्दांची कुळे अगदी वेगळी आहेत. कोंबड्याचे शब्द ग्रंथांतून व धर्मव्यवहारातून रुळले, तर कोंबडीचे शब्द खुराड्याशीच घडले.

'आरवणे' हे क्रियापद 'ध्वनी करणे' या अर्थाच्या 'रु' धातूपासून झालेल्या संस्कृत 'आरव' या शब्दाशी जोडले जाते. 'बांग' मात्र फारसी असून तिचा मूळ अर्थ हाक किंवा पुकारा असा असल्यामुळे ती मशिदीतील अजानलाही लागू पडते. वसईवर 1534 ते 1739 या काळात ज्यांची सत्ता होती, त्या पोर्तुगीजांच्या भाषेत तर नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेचे नावच 'कोंबड्याची मिस्सा' असे आहे. पहाटेची ग्वाही देणाऱ्या पक्ष्याला हा मान मिळावा, यात नवल नाही.

पक्ष्यांची नावे त्यांच्या आवाजावरून पडतात काय, हा वादही जुना आहे. प्राचीन व्युत्पत्तिकार यास्काने आपल्या 'निरुक्ता'त 'काक' हे ध्वनीचे अनुकरण असून पक्ष्यांच्या नावांत असे पुष्कळदा घडते असे म्हटले, तर औपमन्यव या दुसऱ्या आचार्याने ते अमान्य केले; आणि कोंबड्याचे वैदिक नाव 'कृकवाकु' फोडताना यास्काने त्याचा पूर्वार्ध अनुकरणाचा व उत्तरार्ध 'वच्' म्हणजे बोलणे या धातूचा मानला.

कोंबडीच्या वाट्याला अशी शास्त्रचर्चा आली नाही, तरी तिचा 'खुडूक' हा शब्द अधिक अर्थवाही आहे. अंडी देणे थांबवून ती उबवायला बसलेली कोंबडी पिसे फुगवून जो दबका, तुटक आवाज काढते त्याचे हे अनुकरण. पुढे ते त्या अवस्थेचे आणि त्या कोंबडीचेही नाव झाले. हिंदीतील 'कुड़क' त्याच घडणीचा आहे, आणि जर्मन भाषेतही उबवणाऱ्या कोंबडीचे 'ग्लुके' हे नाव तिच्या आवाजावरूनच पडले आहे. पाळणाऱ्याला या आवाजातून दोन गोष्टी एकदमच कळत: अंडी काही काळ बंद, आणि खाली अंडी ठेवली तर सुमारे 21 दिवसांनी पिले. पुढे उबवणी यंत्रे आली, व्हाइट लेगहॉर्नसारख्या जाती खुडूक बसू नयेत अशाच निवडीने वाढवल्या गेल्या, आणि मोठ्या कुक्कुटपालनात या शब्दाचा अर्थ 'उत्पादनातील खंड' एवढाच उरला.