सा नेमका कुठे आहे?

[ज्यांना हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला आवडेल त्यांच्यासाठी ही लिखित आवृत्ती. बोलताना अडखळलेलं काढून टाकलंय. जिथे गिटारवर वाजवून दाखवलंय तिथे कंसात तसं लिहिलंय.]

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात आमच्या कर्जतच्या घरातून.

शुक्रवारी माझं वर्क फ्रॉम होम असतं. दुपारच्या मीटिंगा संपल्या की मी गिटार काढतो. गेले आठ महिने एकाच रचनेवर अडकलोय: जॉन कोल्ट्रेनचं 'जायंट स्टेप्स'. त्या दिवशी आमच्या भजनी मंडळाचे बुवा सप्ताहाच्या वर्गणीचं बोलायला बाबांकडे आले होते. ओटीवर बसून चहा पिता पिता त्यांनी दहा-पंधरा मिनिटं माझा गोंधळ ऐकला आणि जाताना दारात थांबून म्हणाले, "काय रे, ह्याचा सा कुठे आहे?"

मी म्हटलं, "बुवा, सा बदलतो ह्यात."

"किती वेळा?"

मी मोजलं. "एका आवर्तनात दहा वेळा. साधारण तेरा सेकंदांत."

बुवा हसले. "मग ऐकणाऱ्याने बसायचं कुठे?"

आता हा प्रश्न मला का झोंबला ते सांगतो. दोन महिन्यांपूर्वी पुण्यात एका जॅममध्ये मी हीच रचना वाजवायला उभा राहिलो होतो. पहिलं आवर्तन पाठ केलेलं होतं, ते निघालं. दुसऱ्यात चौथ्या बारला मी हरवलो आणि हात थांबले. ड्रमवाला आणि बासवाला चालूच होते, आणि मी गळ्यात गिटार अडकवून उभा. एक्सप्रेसवेने परत येताना, खालापूरचा टोलनाका येईपर्यंत, मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं की हे आपल्या कानांचं काम नाही. आपण पेटी, टाळ, काकड आरती ऐकत वाढलो. आपला सा जागचा हलत नाही. कोडच्या भाषेत सांगायचं तर आपल्याकडे सा हा कॉन्स्टंट आहे, आणि ह्या लोकांनी त्याचं व्हेरिएबल करून टाकलंय.

हा माझा निष्कर्ष चुकीचा होता. कसा, ते इतिहासात सापडलं. निदान अर्धं तरी.

आधी ही भानगड काय आहे ते बघू. 'जायंट स्टेप्स' सोळा बारचं आहे आणि त्यात कॉर्ड आहेत सव्वीस. वेग मिनिटाला सुमारे 290 ठोके, म्हणजे एक बार एका सेकंदाच्या आत संपतो. सव्वीस कॉर्ड ऐकून घाबरू नका, घरं तीनच आहेत. आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी सात, पांढरी पाच आणि काळी दोन. सप्तकाचे तीन सारखे तुकडे केले की हे तीन सा मिळतात. एका घरातून दुसऱ्या घरात जाताना मध्ये एक ढकलणारा कॉर्ड येतो. कर्जतकरांना हे चटकन कळेल. बोरघाटातला लोहमार्ग 1863 साली सुरू झाला, चढ 37 ला 1. म्हणून आजही पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात, आपण त्यांना बँकर म्हणतो. घाट चढला की त्यांचं काम संपतं. तसा हा कॉर्ड. तो स्वतः मुक्काम करत नाही, मागून रेटून पुढच्या सा वर पोचवतो. फरक एवढाच की इथे दर एक-दीड सेकंदाला नवा घाट.

[इथे मी फक्त कॉर्ड वाजवले, आधी संथ, मग मूळ वेगात.]

ही रचना रेकॉर्ड झाली मे 1959 मध्ये, न्यूयॉर्कला. पियानोवर टॉमी फ्लॅनगन होता. साधासुधा वादक नव्हे, पहिल्या फळीतला. कोल्ट्रेनचा सोलो पाण्यासारखा वाहतो आणि मग पियानोची पाळी येते. ऐकाच एकदा. फ्लॅनगन सुरुवातीला ओळी वाजवायचा प्रयत्न करतो, त्या तुटत जातात, आणि शेवटी तो नुसते कॉर्ड धरून पलीकडे पोचतो. त्याआधी काही आठवडे झालेल्या टेकवर पियानोला सीडर वॉल्टन होता, आणि त्यात पियानोचा सोलोच नाही. फ्लॅनगनने मात्र 1982 मध्ये कोल्ट्रेनच्या स्मरणार्थ केलेल्या अल्बममध्ये ही रचना पुन्हा घेतली आणि नीट वाजवली. तेवीस वर्षांनी! पुण्याच्या जॅमनंतर मला ह्या एका गोष्टीने जेवढा धीर दिला, तेवढा कुठल्याही यूट्यूब धड्याने दिला नाही.

पण माझ्यासाठी खरी गंमत तारखांमध्ये आहे. त्याच वर्षी मार्च आणि एप्रिलमध्ये कोल्ट्रेन माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' ह्या अल्बमवर वाजवत होता. तिथे बरोबर उलटं आहे. 'सो व्हॉट'मध्ये सोळा बार एकच स्वरपट्टी, मग आठ बार अर्धा स्वर वर, मग आठ बार परत मूळ जागी. म्हणजे जवळजवळ तंबोरा लावल्यासारखं. एकाच माणसाने, एकाच वर्षी, एका खोलीत सा गच्च धरून ठेवला आणि दुसऱ्या खोलीत त्याला पळवला. पुढे तो कुठल्या बाजूला गेला? नोव्हेंबर 1961 मध्ये व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात त्याने 'इंडिया' नावाची रचना वाजवली, स्थिर सुरावर, लांबलचक. 1965 मध्ये मुलगा झाला तेव्हा त्याचं नाव ठेवलं रवी, पंडित रविशंकरांवरून. ज्याने सा सगळ्यात जास्त पळवला, तो आपल्या ओटीवर येऊन बसला म्हणायचं.

मग आपल्याकडून तिकडे कोण गेलं? हा माझा पुढचा प्रश्न.

मी आयुष्यात ऐकलेला पहिला सोलो गिटारचा नव्हता, बेंजोचा होता. खालापूरकडच्या एका हळदीला, मी सहा-सात वर्षांचा असेन. बेंजो पार्टी तुम्ही पाहिली असेलच: पुढे बेंजोवाला, बाजूला कॅसिओ, मागे ढोलकी आणि ताशे. तो बेंजो म्हणजे अमेरिकन बँजो नव्हे बरं का. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं ते तारवाद्य जपानी आहे. 1912 साली नागोया शहरात मोरिता गोरो नावाच्या माणसाने बनवलं, तिथे त्याला ताइशोगोतो म्हणतात. आपल्याकडे आलं आणि बुलबुलतरंग झालं, पिकअप बसवून कोळीगीतांना लागलं तेव्हा बेंजो झालं. बेंजोवाला एकाच सुराभोवती तासभर काय काय करतो! मुरकी, घसरण, ताशाशी सवालजवाब. पण मागच्या कॅसिओवर दोन कॉर्ड, फार तर तीन. सा हलत नाही. आनंद सगळा लयीत आणि अलंकारात.

कॉर्डची विद्या मुंबईत आली ती दुसऱ्या वाटेने, गोव्याहून. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्टाफ नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. ती मुलं मोठी होऊन मुंबईच्या हॉटेलांत वाजवू लागली. 1935 मध्ये लिऑन ॲबी हा आफ्रिकन-अमेरिकन बँडलीडर ताज हॉटेलात वाजवायला आला. पाठोपाठ टेडी वेदरफोर्डसारखे लोक आले, आणि आपल्या गोवेकर वादकांना जॅझ थेट उस्तादांकडून ऐकायला मिळालं. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, ह्याला तर भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. नरेश फर्नांडिस यांचं 'ताज महाल फॉक्सट्रॉट' हे पुस्तक ह्या सगळ्यावर आहे, जरूर वाचा.

हीच मंडळी सिनेमाच्या स्टुडिओत शिरली. संगीतकार चाल सांगायचा, आणि त्या चालीखाली कॉर्ड कुठले, व्हायोलिनांनी काय वाजवायचं, हे अरेंजर लिहायचा: सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड. रेकॉर्डवर नाव संगीतकाराचं आणि गायकाचं. हे मला अजूनही खटकतं. ओपन सोर्समध्ये सगळं काम एकाने करावं आणि कमिट दुसऱ्याच्या नावावर पडावं, तसं आहे हे. गोन्साल्विस यांनी 1958 मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात रागांवर आधारलेल्या स्वतःच्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या, लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. आज बहुतेकांना ते आठवतात ते 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यातल्या नावामुळे. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते, म्हणून ते नाव त्या गाण्यात आलं.

आणि आता 1968. शंकर-जयकिशन यांचा 'राग जॅझ स्टाइल' हा अल्बम. सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, पियानोवर लुसिला पाशेको, ड्रमवर लेस्ली गोदिन्हो, आणि इलेक्ट्रिक गिटारवर दोघं: दिलीप नाईक आणि आनिबाल कास्त्रो. अकरा राग. तोडी, भैरव, मालकंस, कलावती, असे. सिनेमाच्या गाण्यात ह्या वादकांना दोन ओळींमधली रिकामी जागा मिळायची. इथे अख्खी तबकडी मिळाली.

मी हा अल्बम हेडफोन लावून, कर्जत लोकलमध्ये, निदान वीस वेळा ऐकलाय. माझी अपेक्षा होती की ज्यांना दोन्ही येतं ते आता सा पळवून दाखवतील. तसं काही होत नाही. ते राग सोडत नाहीत. ड्रम झुलतो, बास चालतो, सॅक्स मस्ती करतो, पण सगळे रागाच्या सुरांवर. आधी मला वाटलं, हात आखडता घेतला. मग लक्षात आलं की 'इंडिया' वाजवणारा कोल्ट्रेन आणि ही मुंबईची मंडळी एकाच जागी उभी आहेत, विरुद्ध दिशांनी चालत आलेली. तरी माझा प्रश्न सुटला नव्हता. मला ते तीन सा हवे होते.

तो सोडवला बुवांनी. हे मी नम्रपणे वगैरे म्हणत नाही, खरंच तसं झालं.

पुढच्या शुक्रवारी ते पावतीपुस्तक घेऊन आले आणि स्वतःहून म्हणाले, "दाखव रे तुझं ते पळणारं." मी म्हटलं, "गिटारवर सोपं आहे. तोच आकार सरकवायचा. जाड तारेवर सातवा फ्रेट, तिसरा फ्रेट, अकरावा फ्रेट. प्रत्येक ठिकाणी सा रे ग प." कोल्ट्रेनच्या सोलोतही हेच चार सूर पुन्हा पुन्हा येतात, हे खरं आहे. मी वाजवलं.

[वाजवून दाखवलं: सा रे ग प, तीन जागी.]

बुवा म्हणाले, "हे म्हणजे पेटीचा स्केल चेंजर खटाखट सरकवल्यासारखं झालं. तीन तुकडे ऐकू येतात. गाणं कुठाय?" मग बाबांची पेटी ओढली, पांढरी सातचा सा धरला, आणि डाव्या हाताने भाता सोडला नाही. "आता पुढचं घर कुठलं? पांढरी पाच? बरं. मग हा माझा जुना सा तिथे कोण झाला?"

मी बोटांवर मोजलं. गंधार.

"आणि पांढरी पाचवरून काळी दोनला गेलास की?"

पांढरी पाच हा काळी दोनचा गंधार. आणि काळी दोन हा पांढरी सातचा गंधार. आठ महिने मी ही आकृती वहीत काढून बसलो होतो, तिन्ही घरं सारख्या अंतरावर आहेत हे मला पाठ होतं, आणि हे मात्र दिसलं नव्हतं. पहिल्या अर्ध्यात उतरताना सा चा ग होतो. दुसऱ्या अर्ध्यात घरं चढत जातात, तिथे उलटं, ग चा सा होतो. म्हणजे प्रत्येक उंबरठ्यावर एक सूर तोच राहतो, फक्त त्याचं नातं बदलतं.

हे आपल्याकडे नवीन नाहीच. मूर्च्छना म्हणजे दुसरं काय? भूपाचा गंधार सा मानला की मालकंस ऐकू येतो, पंचम सा मानला की दुर्गा. कर्नाटक संगीतात ह्याला ग्रहभेद म्हणतात. फरक आहे, तो लपवत नाही: मूर्च्छनेत सूर तेच राहतात आणि आपण बघायची जागा बदलतो. कोल्ट्रेनकडे एक सूर सामाईक, बाकीचे बरेच बदलतात. पण त्या एका सुराला धरून नवीन नाव देण्याची सवय कानाला असेल तर ओळ तुटत नाही. आणि ती सवय आमच्या ओटीवर बसलेल्या माणसाला होती, ज्याने कोल्ट्रेनचं नावही ऐकलेलं नव्हतं.

तेव्हापासून रियाज बदललाय. फ्रेट सरकवत नाही. प्रत्येक बदलाला जुना सा एक ठोका जास्त धरतो, मनात त्याला 'ग' म्हणतो आणि तिथून निघतो. 120 ला सुरू केलं होतं, आता 160 ला ओळ टिकते. 180 ला अजून दुसऱ्या अर्ध्यात, तेराव्या बारच्या आसपास पडतो. 290 चं नाव काढू नका.

[इथे 160 ला एक पूर्ण आवर्तन वाजवलं. अकराव्या बारला चूक आहे, ती तशीच ठेवलीय.]

बुवांना कोल्ट्रेनची मूळ रेकॉर्ड ऐकवली. डोळे मिटून पूर्ण ऐकली, फ्लॅनगनच्या सोलोला चुकचुकले, आणि म्हणाले, "त्या पियानोवाल्याला कोणी आधी चाल सांगितली नव्हती का?" मग मला सप्ताहाच्या शेवटच्या रात्री गिटार घेऊन यायला सांगितलंय. काळी दोन, एकच सा, पहाटेपर्यंत.