राजा, प्रधान आणि बाकीची दहा पाने

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. १९१७ साली ही गोल पेठ वसविण्यात आली. तेव्हापासून आजवर मीठमिरचीपासून सोन्यापर्यंत सर्व काही त्या गोलात विकले गेले आहे. तेथील एखाद्या किरकोळ दुकानात जाऊन पत्त्यांचा कॅट मागा. काडेपेटी द्यावी तितक्या सहजपणे दुकानदार तो काढून देईल. आपण पैसे देतो, घरी येतो, पाने पिसतो आणि वाटतो. हा खेळ रचला कोणी, पाने केली कोणी आणि दिलेल्या पैशातले कोणाच्या पदरी किती पडले, हे मात्र कोणी विचारीत नाही.

श्रोतेहो, आज आम्ही तेच विचारावयास उभे आहोत. आमची हयात कामगार संघटनेत गेली. इतिहास आम्ही कॉलेजात शिकलो नाही. सभा आटोपल्यावर वाचनालयात बसून जो हाती लागला तो वाचला. पंडिताची भाषा आमच्याकडून होणार नाही. वस्तू दिसली की ती करणारा हात शोधावयाचा, एवढी एकच सवय आम्हांला जडलेली आहे.

नांदेडहून भोकर, भैंसा करीत पूर्वेस गेले की निर्मळ गाव लागते. आज ते तेलंगणात आहे. परंतु १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नांदेड आणि निर्मळ ही दोन्ही एकाच हैदराबाद राज्यात होती. निर्मळची लाकडी खेळणी आणि तेथील रंगकाम आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. ज्या नकाश घराण्यांनी हे काम केले, त्यांच्याच गावात गंजिफाही रंगविल्या जात. गंजिफा म्हणजे आपले जुने पत्ते. ते चौकोनी नव्हते, गोल होते, आणि एका जोडात बावन्न नव्हे, तर शहाण्णव किंवा एकशे वीस पाने असत.

असे पान कसे होते ते पाहा. कापडाचे अगर कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवावयाचे, वाळवावयाचे आणि गोल कापावयाचे. मग खडूचा लेप द्यावयाचा आणि दगडाने घोटून तो गुळगुळीत करावयाचा. त्यावर रंग, बारीक कुंचल्याने चित्र, आणि शेवटी लाखेचे रोगण. हे सारे शहाण्णव वेळा! यात कारागिराची खरी परीक्षा चित्रात नसून पाठीत असते. सर्व पानांची पाठ अगदी सारखी हवी. एखाद्या पानावर रंगाचा थेंब अधिक पडला, कड किंचित बाहेर आली, तर समोरचा भिडू ते पान ओळखतो आणि सगळा जोड फुकट जातो. हाताने काम करावयाचे आणि हाताचा माग मात्र राहू द्यावयाचा नाही, असा हा कठीण धंदा आहे.

हा खेळ आपल्याकडे मोगलांबरोबर रुजला. १५२७ साली बाबराने सिंधमधील शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात सापडते. पुढे अकबराच्या दरबारात अबुल फजलाने ‘आईन-इ-अकबरी’त या खेळाचे सविस्तर वर्णन केले. त्या वेळच्या जुन्या जोडात बारा रंग आणि प्रत्येक रंगात बारा पाने, म्हणजे एकशे चव्वेचाळीस पाने होती. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि खाली दहा पाने. अकबराने त्यात फेरफार केले, आणि ते वाचताना आम्ही खुर्चीतून उठून बसलो. त्याने खालच्या पानांवर चक्क कामकरी माणसे बसविली! दप्तराच्या रंगात कागद करणारा, नोंदी करणारा कारकून, फर्मान लिहिणारा, पुस्तकांची बांधणी करणारा आणि रंगारी. खजिन्याच्या रंगात धातू वितळविणारा, वजन करणारा आणि नाणे पाडणारा. पानांवर नक्षी काढणारा नकाशसुद्धा त्यात होता. राज्य कोणाच्या जिवावर चालते हे त्या खेळात उघड मांडलेले होते.

मात्र बाजारात हा जोड टिकला नाही. जो पसरला तो आठ रंगांचा, शहाण्णव पानांचा: ताज, रुपेरी नाणे, तलवार, गुलाम, वीणेसारखे वाद्य, सोनेरी नाणे, हुकूमनामा आणि माल. राजा आणि प्रधान आपापल्या जागी कायम राहिले. खालच्या दहा पानांवरची कामकरी माणसे गेली आणि तेथे नुसती चिन्हे आली, एकापासून दहापर्यंत मोजावयाची. याचे कारण समजण्यासारखे आहे. दहा निरनिराळी माणसे रंगविण्यास जो वेळ लागतो त्याच्या कितीतरी कमी वेळात दहा तलवारी उमटविता येतात. किंमत उतरवावयाची तर चित्र सोपे केले पाहिजे. कारागिरांनीही दोन प्रती ठरविल्या होत्या. श्रीमंतांसाठी ‘दरबार कलम’, त्यात हस्तिदंत आणि कासवाची पाठसुद्धा वापरीत. सामान्यांसाठी ‘बाजार कलम’, झटपट हाताचे.

यानंतरची गोष्ट आम्हांला सर्वांत शहाणपणाची वाटते. कोणा अनाम कारागिरांनी हाच खेळ घेऊन त्याची चित्रे बदलली. ताज आणि तलवारीच्या जागी मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह असे दहा अवतार आणले. दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, मिळून एकशे वीस. खेळावयाची रीत तीच राहिली. जुन्या जोडात दिवसा सोन्याच्या नाण्याने, म्हणजे सूर्याने, डाव सुरू होई आणि रात्री चांदीच्या नाण्याने, म्हणजे चंद्राने. नव्या जोडात दिवसा रामाने आणि रात्री कृष्णाने सुरुवात होऊ लागली. तिघे बसले की प्रत्येकी चाळीस पाने. हुकूम नाही; कोणते पान गेले आणि कोणते राहिले हे ध्यानात ठेवणारा जिंकतो. खेळणाऱ्याला नवे काही शिकावे लागले नाही, आणि चित्रे मात्र त्याच्या देवघरातली आली. गिऱ्हाईक ओळखणे म्हणजे काय, हे या लोकांना कोणी शिकविले नव्हते.

मग हा खेळ मागे का पडला? १८३१ साली लंडनच्या टॉमस द ला रू याने पत्ते रंगीत छापण्याचे पेटंट घेतले. पुढे इंग्लंडातून आणि बेल्जममधील टर्नहाउटहून छापील बावन्न पानांचे गठ्ठे हिंदुस्थानात उतरू लागले. यंत्राची पाठ सर्वत्र सारखी असते. नकाशाची महिन्याची मेहनत यंत्राने घटकेत केली आणि शहाण्णवची बावन्न झाली.

पण नुसते पत्ते स्वस्त होऊन खेळाचा बाजार उभा राहत नाही. खेळावयास वेळ लागतो, आणि कामकऱ्याला तो कोणी फुकट दिलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळविली. १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली. हमालांसाठी माथाडी कायदा आला तो १९६९ साली. पत्त्यांचा कॅट किराणा दुकानात येऊन बसला तो या वाटेने, असे आम्ही समजतो.

आणि त्या परक्या बावन्न पानांवर आपल्या माणसांनी स्वतःचे खेळ रचले. झब्बू, बदाम सात, पाच-तीन-दोन, लाडीस. त्यांत मेंढीकोट आमचा आवडता. चौघे भिडू, दोन जोड्या, तेरा तेरा पाने. एक्का, राजा, राणी, गुलाम हे हात जिंकतात खरे. परंतु अखेर मोजावयाच्या त्या चार दश्श्या. ज्यांच्याकडे अधिक दश्श्या आल्या ते जिंकले. चारही आल्या की समोरच्यावर कोट. राजाने राबावयाचे ते दश्शीसाठी! हा नियम ज्या कोणी बसविला त्याचे नाव कोणत्याही डबीवर नाही.

आता आमच्या फजितीची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. १९९६ साली आम्ही काही सोबत्यांनी नांदेडात कामगारांसाठी एक पत्त्यांचा खेळ काढला. शेत, गिरणी, बाजार आणि सडक असे चार रंग, प्रत्येकी तेरा पाने. प्रत्येक पानावर एकेक कामाचे चित्र आणि खाली कायद्याचे एक कलम. नियमांचे चार पानी पत्रक. वर्गणी काढून पाचशे जोड छापले. पैसा वाचावा म्हणून कटाई आम्हीच घाईने उरकावयास लावली, आणि तेथेच पाठ फिरली. कडा सारख्या नव्हत्या; दोन दिवसांत पोरे पाठीवरून पाने सांगू लागली. वजिराबादेतल्या दुकानदारांनी ‘विकले तर पैसे’ या बोलीवर जोड ठेवून घेतले. महिन्याभराने एकाने ते सारे परत आमच्या हाती दिले आणि म्हणाला, “भाऊ, दिसभर राबून पत्ते कुटायला बसलेल्या माणसाला आणिक सभा कशाला?” आम्हांला उत्तर सुचले नाही.

उरलेले जोड आम्ही लातूरच्या आडत बाजारात हमालांना फुकट वाटले. काही दिवसांनी तेथे गेलो तो पोत्यांच्या थप्पीआड डाव रंगलेला. आमचे नियमपत्रक बुडाखाली अंथरलेले, आणि आमच्या पत्त्यांनी मेंढीकोट चालू! बाजाराच्या दहाव्या पानावर आम्ही पाठीवर पोते घेतलेला हमाल काढला होता. ते पान सर करण्यासाठी चौघेही जिवाचा आटापिटा करीत होते. एक म्हातारे हमाल ते पान उचलून म्हणाले, “ह्यो आपला. ह्याला सोडू नगा.” जे आमच्या कलमांना साधले नाही ते त्यांच्या खेळाने करून दाखविले.

त्या अपयशानंतर आम्ही एका न्हाव्याची गोष्ट वाचली. अमेरिकेत ओहायो राज्यातील रेडिंग गावी मर्ल रॉबिन्स नावाचा एक न्हावी होता. १९७१ साली त्याने ओळखीच्या पत्त्यांच्या खेळावरून ‘उनो’ हा नवा खेळ बसविला. घरच्यांनी मिळून आठ हजार डॉलर उभे केले, पाच हजार जोड छापले, आणि हा गृहस्थ ते आपल्या केशकर्तनालयात विकू लागला. पुढे त्याने हक्क विकले ते पन्नास हजार डॉलर आणि दर जोडामागे दहा सेंट या कराराने. आज तो खेळ आपल्या गावच्या दुकानांतही मिळतो. खेळ त्यानेही ओळखीचाच घेतला, जसा दशावतारवाल्यांनी घेतला होता. फरक इतकाच की न्हाव्याने कागदावर सही घेतली. नकाशाजवळ तसा कागद नव्हता, आणि मेंढीकोट रचणाऱ्याला त्याची गरजही वाटली नसावी.

गंजिफा अगदीच संपलेल्या नाहीत. कोकणात सावंतवाडीच्या संस्थानात ही कला अठराव्या शतकात तेलंगणाकडील पंडितांकडून आली असे सांगतात. ती विझत आली असता १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून तिला पुन्हा उभे केले. सुंदर जोड तेथे आजही रंगविले जातात. परंतु घेणारे बहुतेक लोक ते काचेच्या कपाटात ठेवतात. एकशे वीस पानांचा डाव कसा मांडावा हे घरातल्या कोणालाच ठाऊक नसते. जो खेळ खेळला जात नाही तो दुसऱ्यांदा विकत घेतला जात नाही, आणि मग रंगविणाऱ्याची मजुरी प्रवाशांच्या मर्जीवर राहते.

म्हणून एक विनंती करून आम्ही रजा घेतो. आपल्यापैकी कोणी सावंतवाडीस गेले आणि गंजिफा घेतल्या, तर रंगविणाऱ्याजवळ थोडे बसा. एका जोडाला किती दिवस लागतात आणि हाती काय पडते ते विचारा, आणि खेळ शिकून या. घरी दोघांना शिकवा म्हणजे तिघे होतील. प्रत्येकी चाळीस पाने वाटा. दिवस असेल तर रामाने, रात्र असेल तर कृष्णाने सुरुवात करा.